आधी विद्यार्थी-कृतीचा रकाना

बी.एड. महाविद्यालयात इंग्रजी अध्यापन पद्धती शिकवायची म्हणजे निम्मी नोकरी दुसऱ्यांची टाचणं वाचण्यात जाते. सराव पाठांच्या दिवसांत टेबलावर टाचण वह्यांची चळत असते, आणि 'मॅडम, उद्या पहिल्या तासाला पाठ आहे, आत्ताच बघता का?' असं म्हणत कुणीतरी दारात उभं असतं. शिवाय अधूनमधून जिल्ह्याच्या प्रशिक्षणात, कधी एखाद्या स्पर्धेत, इंग्रजीची टाचणं तपासून त्यांना क्रमांक द्यायचं काम येतं. एवढं वाचून झाल्यावर काही गोष्टी पक्क्या झाल्या. त्या इथे क्रमांक घालून देते आहे. क्रमांक आहेत म्हणून त्यात चढता-उतरता क्रम कुणी शोधू नये.

१. टाचण कधी एकटं वाचू नये

एकटं टाचण नेहमी चांगलंच दिसतं. उद्दिष्टं आहेत, साहित्य आहे, प्रस्तावनेचे चार प्रश्न आहेत, फलकलेखनाची चौकट पट्टीने आखलेली आहे, शेवटी स्वाध्याय आहे. नाव ठेवायला जागाच नसते. त्याच घटकाचं दुसऱ्याने केलेलं टाचण शेजारी उघडून ठेवलं की मग दोन्ही बोलायला लागतात.

मराठी माध्यमाची सहावी आणि घटक चालू वर्तमानकाळ, असं धरू. माझ्यापुढे याची तीन तऱ्हेची टाचणं सारखी येतात. पहिल्या तऱ्हेत फळ्यावर सूत्र येतं: ॲम, इज, आर आणि क्रियापदाला आयएनजी. नियम मराठीतून, मग सहा उदाहरणं, मग रिकाम्या जागा, आणि वहीत दहा वाक्यं. दुसऱ्या तऱ्हेत एक मुलगा पुढे येऊन दात घासल्याचा अभिनय करतो. शिक्षिका विचारतात, "व्हॉट इज ही डुइंग?" वर्ग एका सुरात म्हणतो, "ही इज ब्रशिंग हिज टीथ." मग दुसरी मुलगी येते, झाडू मारल्याचा अभिनय करते, पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या तऱ्हेत मुलं जोडीजोडीने पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात घराचं चित्र असतं, त्यात आजी, बाबा, ताई काही ना काही करताहेत. दुसऱ्याच्या कागदावर नुसती नावं. तो बाहेरगावाहून फोन केल्यासारखं विचारतो, "व्हॉट इज आजी डुइंग?" चित्रवाला सांगतो, "आजी इज कटिंग व्हेजिटेबल्स." विचारणारा ते नावापुढे लिहून घेतो.

पाठ बघायला आलेल्या पाहुण्यांना दुसरी तऱ्हा फार आवडते. वर्ग हसता-खेळता असतो, आवाज मोठा असतो. पण त्यातला प्रश्न खोटा आहे. पोरगा दात घासतोय हे सगळ्या वर्गाला दिसतंय, मग विचारायचं काय? त्याहून मोठी अडचण अशी की तासभर प्रश्न फक्त बाईच विचारतात. आपल्या मुलांचं घोडं अडतं ते प्रश्नातच. 'ही इज' इतकं येतं, पण 'इज'ला उचलून नावाच्या आधी ठेवायचं हे तोंडाला सवयीचं होत नाही, कारण मराठीत शेवटी 'का' लावला किंवा आवाज चढवला की प्रश्न होतो. तिसऱ्या तऱ्हेत मुलाला खरोखरच माहीत नसतं, म्हणून तो विचारतो, आणि विचारताना 'इज'ची जागा त्याच्या जिभेला शोधावी लागते.

म्हणून तिसरं टाचण पहिलं आलं का? नाही. त्यात हे वाक्य बनतं कसं, हे कुणीच कुणाला दाखवलेलं नाही. ज्याला 'कटिंग' येत नाही तो मुका बसणार. पहिल्या टाचणातली सूत्राची आठ-दहा मिनिटं उचलून तिसऱ्यात घातली तर काम होतं. तुलनेचा खरा फायदा इथे आहे. एका वहीतला कोणता तुकडा दुसरीत नेला तर पाठ उभा राहील, हे कळतं. क्रमांक लावण्यात मला आता फारसा रस उरलेला नाही.

२. 'समजून घेतील' हे क्रियापद दिसलं की थांबावं

'विद्यार्थी काळ समजून घेतील', 'विद्यार्थ्यांत इंग्रजीविषयी अभिरुची निर्माण होईल.' ब्लूम यांचं उद्दिष्टांचं वर्गीकरण 1956 सालचं, आणि आपल्याकडे ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, अभिरुची हे पाढ्यासारखं पाठ आहे. पुढे 2017 मध्ये एनसीईआरटीच्या अध्ययन निष्पत्ती आल्या, तेव्हा टाचणात निष्पत्तीचा क्रमांक टाकायची पद्धत पडली. क्रमांक टाकला की काम संपलं, असा एक समज त्याबरोबर आला.

मी एकच विचारते: तास सुटताना दारात उभं राहून हे बघता येईल का? 'घरातली चार माणसं आत्ता काय करताहेत हे जोडीदाराला विचारून लिहून घेईल' हे बघता येतं. अभिरुची निर्माण झाली की नाही हे 35 मिनिटांत ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

३. सेकंदांचा हिशेब मांडावा

हे गणित मी प्रत्येक तुकडीला फळ्यावर करून दाखवते. तास 35 मिनिटांचा. हजेरी, वह्या काढणं, 'सर, पाणी पिऊन येऊ?' यात पाच गेली. टाचणातल्या 'शिक्षक कृती'च्या रकान्याप्रमाणे शिक्षक बोलतात वीस मिनिटं. उरली दहा, म्हणजे 600 सेकंद. वर्गाचा पट 50. एकेक मुलाला उठवून बोलायला लावलं तर प्रत्येकाच्या वाट्याला बारा सेकंद येतात. बारा सेकंदांत मूल उठून उभं राहतं, शर्ट खाली ओढतं आणि बसतं.

तीच दहा मिनिटं जोड्यांना दिली तर दोघांत पाच-पाच मिनिटं आली. निम्मा वेळ गप्पांत आणि ढकलाढकलीत गेला असं धरलं, आणि तो जातोच, तरी प्रत्येकाला अडीच मिनिटं मिळाली. बारा सेकंद कुठे आणि 150 सेकंद कुठे!

म्हणून टाचण हातात आलं की मी आधी 'विद्यार्थी कृती'चा रकाना वाचते. 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात', 'विद्यार्थी उत्तरे देतात', 'विद्यार्थी वहीत लिहून घेतात' ही तीन वाक्यं आलटून पालटून पानभर आली असतील, तर डावीकडचा शिक्षक कृतीचा रकाना कितीही विद्वत्तापूर्ण असो, त्या तासाला इंग्रजी बोलणारा माणूस एकच असणार आहे. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी गोंगाटाची तक्रार करतात हा जोडीच्या कामातला खरा धोका आहे, आणि त्यावर उपाय टाचणात नाही. तो मुख्याध्यापकांशी आधी बोलून घेण्यात आहे.

४. घंटा काय कापणार ते बघावं

कुठल्याही टाचणाचा शेवटचा टप्पा वर्गात होत नाही. हा नियमच समजा. शालेय पोषण आहाराचं ताट वाजलं, कुणी परिपत्रक घेऊन आलं, प्रस्तावनाच लांबली, आणि घंटा झाली. त्यामुळे दोन टाचणांची तुलना करताना मी शेवटच्या दहा मिनिटांवर आडवा हात ठेवते आणि विचारते, उरलं त्यात काय आहे?

आपल्याकडे सगळ्यात रुळलेला आराखडा तीन पायऱ्यांचा: शिक्षक नवी रचना सांगतात, मुलं तिचा सराव करतात, मग मुलं ती स्वतःच्या बोलण्यात वापरतात. कागदावर अगदी तर्कशुद्ध. पण ज्यासाठी सारा खटाटोप तो वापर शेवटी आहे, आणि घंटा नेमका तोच कापते. वर्षभर असं झालं की मुलांनी वर्षभर फक्त सराव केलेला असतो. 'वेळेअभावी उर्वरित भाग पुढील तासिकेत' हे वाक्य टाचण वह्यांत किती वेळा येतं, आणि पुढच्या तासिकेला कसा नवा पाठ सुरू होतो, हे तपासणाऱ्यांना ठाऊक आहे.

याउलट आधी मुलांना काम देऊन बघायचं, ती कुठे अडतात ते टिपायचं, तेवढंच शिकवायचं, आणि पुन्हा काम द्यायचं, अशीही रचना असते. जेन विलिस यांनी 1996 च्या पुस्तकात मांडलेल्या कार्याधारित चौकटीतही काम आधी येतं आणि व्याकरणाकडे बघणं शेवटी. तिथे घंटेने व्याकरण कापलं तरी परवडतं. नियम उद्या सांगता येतो. बोलायची संधी मात्र उद्यावर ढकलली की गेलीच.

बी.एड.च्या जुन्या नमुन्यात हर्बार्टची पंचपदी अजून डोकावते. हर्बार्ट 1841 मध्ये वारला. पाच पायऱ्यांची ती ठाशीव रचना त्याच्यामागून त्सिलर आणि राइन या अनुयायांनी केली, त्यामुळे बिचाऱ्याला फार दोष देण्यात अर्थ नाही. पण इंग्रजी कवितेच्या टाचणात त्या पाचांतल्या 'सामान्यीकरण' या पायरीचा मथळा बघितला की माझा पेन आपोआप तिथे थांबतो. पावसाच्या कवितेवरून मुलांनी कोणता नियम काढायचा?

५. अर्धा वर्ग, अर्धं काम

इंग्रजी शिकवणाऱ्या भारतीय माणसाने प्रभूंना ओळखू नये, याचं मला दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटतं. एन. एस. प्रभू मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये होते. 1979 ते 1984 या काळात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दक्षिणेतल्या साध्यासुध्या शाळांत इंग्रजीचा एक प्रयोग चालवला. तो बंगलोर प्रकल्प म्हणून जगभरच्या भाषाशिक्षणात गाजला. वर्ग मोठे, सोयी बेताच्या, म्हणजे आपल्यासारखेच. व्याकरणाचे पाठ न घेता मुलांना डोकं लावायला लागेल असं काम द्यायचं, नकाशे, वेळापत्रकं, साधे हिशेब, आणि ते इंग्रजीतून करता करता भाषा मुरू द्यायची, अशी कल्पना. हे सगळं 1987 मध्ये पुस्तकरूपात आलं.

त्यांची एक फूटपट्टी मी उचलली आहे. निम्म्या तरी मुलांना निम्मं तरी काम जमलं, तर ते काम त्या वर्गाला योग्य. सगळ्यांना सगळं जमलं तर ते फार सोपं होतं, दोघा-चौघांनाच जमलं तर ते त्यांच्यापुरतंच होतं. टाचण तपासताना मी दोन गोष्टी शोधते. निम्म्यांना जमेल असा अंदाज कशावरून केला? आणि जमलं की नाही हे शिक्षकाला तासातच कळायची सोय कुठे आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक टाचणांत 'प्रश्न विचारून' असं असतं, आणि प्रश्नाला हात वर करणारी तीच पाच मुलं असतात.

एका छात्राध्यापिकेचं टाचण या बाबतीत मला अजून आठवतं. आठवीचा वर्ग. तिने एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकासारखा एक तक्ता केला होता: साधी गाडी, निमआराम, एक गाडी बदलून जायची सोय, सुटायच्या आणि पोचायच्या वेळा, तिकीट. काम असं, की मामाला सकाळी दहाच्या आत कोल्हापुरात पोचायचंय, खिशात अमुक इतके रुपये, परत येताना रात्र व्हायला नको. त्याने कुठली गाडी धरावी आणि का? मुलांनी उत्तर इंग्रजीत दोन वाक्यांत चिठ्ठीवर लिहून द्यायचं. चिठ्ठ्या ती फिरता फिरता गोळा करणार, आणि त्यांचे तिथेच दोन गठ्ठे करणार. निम्म्यांना जमलं का, हे तिला घंटा व्हायच्या आत कळणार होतं. 'मूल्यमापन' या मथळ्याखाली तिने एक ओळ लिहिली होती: चिठ्ठ्यांचे गठ्ठे. दुसऱ्याच्या टाचणात त्याच मथळ्याखाली अर्धं पान भरलेलं होतं आणि त्यात मुलांकडून हातात येणारं काहीच नव्हतं.

याच प्रभूंनी 1990 मध्ये टेसॉल क्वार्टर्ली या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात सर्वोत्तम पद्धत अशी काही नसते, असं मांडलं होतं. आपण करतोय त्याने मुलं शिकतील असं शिक्षकाला मनापासून पटलेलं असणं आणि ते पटणं जागतं असणं, यावर त्यांचा भर होता. म्हणून टाचण परत देताना मी आता 'हे असं का?' हा प्रश्न तोंडी विचारते. 'गेल्या वर्षीच्या वहीत होतं' असं उत्तर आलं, तर टाचण कितीही नेटकं असो, ते पुन्हा लिहायला देते. 'मॅडम, माझी मुलं सलग वाचत नाहीत, पण तक्त्यातून शोधून काढतात' असं उत्तर आलं, तर मला न आवडलेली रीतसुद्धा राहू देते.

६. ज्या टाचणात मुलांचं चुकीचं वाक्य लिहिलेलं असतं, ते टाचण वर्ग पाहिलेल्याचं

'संभाव्य चुका' असा रकाना छापील नमुन्यात सहसा नसतो. मी तो घालायला लावते, आणि तिथे 'विद्यार्थी व्याकरणाच्या चुका करतील' असं लिहिलेलं चालत नाही. चूक शब्दशः हवी. 'डिड यू वेंट?' 'आय ॲम हॅव टू ब्रदर्स.' 'शी गो टू स्कूल.' 'माय फादर इज फार्मर.'

यातल्या बहुतेक चुकांना घरचं कारण आहे. मराठीत अ, अ‍ॅन, द नाहीत, म्हणून बाबा नुसते 'फार्मर' होतात. मराठीत भूतकाळ क्रियापदातच येतो, म्हणून 'डिड' म्हणून झाल्यावरही क्रियापद भूतकाळात न्यावंसं वाटतं. आणि 'मला दोन भाऊ आहेत' या वाक्यात भावांचं असणं 'आहे'ने सांगायचं, मग इंग्रजीत 'हॅव' एकटं उघडं वाटतं, त्याला सोबत म्हणून 'ॲम' येतो. ज्याला हे आधीच दिसलंय तो पाठात त्या ठिकाणी थांबायची जागा ठेवतो. ज्याला दिसलेलं नाही, तो चूक झाली की 'बरोबर सांग' म्हणतो आणि पुढच्या मुलाकडे वळतो.

दोन टाचणं सगळ्या बाबतीत तुल्यबळ असतील तर मी याच रकान्यावर निकाल देते.

७. मराठी कुठे येणार ते लिहिलेलं असावं

संपूर्ण टाचण इंग्रजीत आणि संपूर्ण तास मराठीत, हा प्रकार नवा नाही. 'मुलांना कळत नाही, मॅडम' हे त्याचं समर्थन, आणि ते खोटं नाही. मला चीड येते ती लपवाछपवीची. नियम मराठीतून सांगणार असाल तर 'दोन मिनिटे मराठीतून' असं सरळ लिहा. मग दुसऱ्या टाचणाशी तुलना करता येते: इथे दोन मिनिटं, तिथे बारा. कामाच्या सूचना मराठीतून द्यायच्या का, हाही चांगला प्रश्न आहे. मी म्हणते, पाचवीला द्या, सहावीपासून नको, कारण 'ओपन पेज ट्वेंटी', 'वर्क इन पेअर्स', 'चेंज पार्टनर्स' हेच त्या वर्गातलं सगळ्यात खरं इंग्रजी असतं. मुलाला त्यावर लगेच काहीतरी करायचं असतं.

इथे एक गोष्ट विसरून चालत नाही. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. तोवर ते पाचवीपासून होतं. म्हणजे त्या वर्षी ज्यांच्या हातात पहिलीचं इंग्रजी पुस्तक दिलं, ते बहुतेक गुरुजी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवलेले आणि इंग्रजी शिकवायचं प्रशिक्षण नसलेले होते. अशा शिक्षकाच्या टाचणात 'स्टँड अप, कम हिअर, गिव्ह मी द रेड बॉल' अशी वाक्यं शब्दशः लिहिलेली दिसली तर हसू नये. ती त्याने आदल्या रात्री घरी दोनदा म्हणून बघितलेली असतात. आत्मविश्वास असलेल्याचं टाचण आखूड चालतं, नसलेल्याचं लांब हवं. दोघांना एकच नमुना लावून गुण देणं अन्यायाचं आहे. पुढे 2016 मध्ये 'तेजस' प्रकल्पात प्राथमिक शिक्षकांचे छोटे गट नियमित जमायला लागले. राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांचा तो उपक्रम. त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच, की इंग्रजी बोलायला बिचकणारे शिक्षक आपल्यासारख्यांच्यातच बसून आधी स्वतः बोलले.

मुलं पुस्तकातल्या इंग्रजी शब्दांवर पेन्सिलीने देवनागरी लिहितात, 'वॉटर', 'नाइफ', 'फादर', त्याबद्दलही टाचणाने भूमिका घ्यावी. बंदी घातली तर मुलं बाकाखाली धरून लिहितात. मी छात्राध्यापकांना सांगते, लिहू द्या, पण पाठाच्या शेवटी खोडरबर फिरवून तीच ओळ पुन्हा वाचायला लावा, आणि हे टाचणात लिहा.

८. साहित्य किती हातांत जातं

थर्माकोलचं घर, लॅमिनेट केलेली फ्लॅशकार्डं, प्रोजेक्टरवरची चित्रफीत. स्पर्धेत यांना गुण मिळतात. पण हे सगळं शिक्षकाच्या हातात राहतं. वर्तमानपत्राच्या पुरवणीतून कापलेली जाहिरात प्रत्येक जोडीला एक मिळाली तर ते साहित्य. बस्स.

९. तयार टाचण उघडताना आधी त्याचा वर्ग शोधावा

ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफ, परदेशी संकेतस्थळांवरची देखणी टाचणं, आणि आता एआयला दोन ओळी सांगून मिळणारी. घ्यायला हरकत नाही. पण प्रत्येक टाचणात एक न दिसणारा वर्ग बसलेला असतो, आधी तो बघावा. विलायती टाचणातल्या वर्गात वीस-एक मुलं आहेत, हलवता येणारी टेबलं आहेत, शेजारच्या खोलीत झेरॉक्स मशीन आहे आणि बाहेर बर्फ पडतो आहे. आपल्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एका खोलीत असतात. तुमच्या टाचणात पहिलीचं इंग्रजी चालू असताना दुसरीची मुलं काय करणार, याला रकाना आहे का? बहुवर्ग अध्यापनाच्या शाळेसाठी हा रकाना नसलेलं टाचण अपुरं धरावं, मग ते कुठूनही आलेलं असो.

एआयने केलेली टाचणं अलीकडे बरीच येतात. ओळखायला अवघड नाहीत. सगळं वेळेत बसतं, दर तासाला एक खेळ असतो, आणि एका तासात तीन तासांचा मजकूर असतो. त्यांत मला सगळ्यात जास्त खुपतं ते संभाव्य चुकांचं: त्या चुका कुठल्याही देशातल्या मुलाच्या असू शकतात. आपल्या पोराचा 'माय फादर इज फार्मर' तिथे आढळत नाही.

१०. पाठ बघताना एकाच मुलामागे बसावं

सराव पाठाच्या निरीक्षण तक्त्यात आवाज, फलकलेखन, प्रश्नकौशल्य, साहित्याचा वापर अशा बाबी असतात आणि प्रत्येकीला पाचपैकी गुण. बेरीज करायची. दोन अगदी वेगळ्या पाठांची बेरीज सारखी येते आणि मग कुणाचं काय चुकलं ते बेरजेत बुडून जातं. तक्ता मी भरते, नियम आहे. पण त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एका मुलाचा तास लिहिते.

एकदा असाच पाठ बघत होते. पाठ उत्तम चालला होता. छात्राध्यापकाचा आवाज खणखणीत, चित्रं छान, मुलं उत्तरं देत होती. मी तिसऱ्या ओळीतल्या भिंतीकडच्या मुलीवर लक्ष ठेवलं. चित्र दाखवलं तेव्हा पुढच्या मुलाच्या डोक्यामुळे तिला ते दिसलं नाही. समूहात वाक्य म्हणताना तिचे ओठ अर्ध्या शब्दाने उशिरा हलत होते, म्हणजे ती ऐकून मागे म्हणत होती. वहीत लिहायला सांगितल्यावर तिने तारीख, वार, प्रश्न क्रमांक सुरेख अक्षरात लिहिलं, खाली रेघ मारली, आणि शेजारणीच्या वहीकडे बघत थांबली. शेजारणीनेही अजून लिहिलं नव्हतं. तक्त्यात त्या पाठाला मी बऱ्यापैकी गुण दिले होते. मागची बाजू वाचून छात्राध्यापक म्हणाला, "मॅडम, ती तर माझ्याकडे बघून सारखी मान हलवत होती." दोन्ही खरं होतं.

जपानी शाळांत 'जुग्यो केनक्यू' नावाची जुनी पद्धत आहे. चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ रचतात, एक जण तो घेतो, बाकीचे मुलांकडे बघत टिपणं काढतात. मग बसून पाठ दुरुस्त करतात, आणि अनेकदा दुसरा शिक्षक तो दुसऱ्या तुकडीवर पुन्हा घेतो. आपल्याकडे पाठ एकाचा, निरीक्षण साहेबांचं आणि शेरा 'समाधानकारक'. गटाने पाठ रचला की तो कुणा एकाचा राहत नाही, त्यामुळे त्यावर बोलताना कुणाचा मान जात नाही. आपल्याकडे हे सहज करता येण्यासारखं आहे. शिक्षण परिषदेला महिन्यातून एकदा सगळे जमतातच.

११. नावं झाकून तुलना करावी

गटात टाचणं वाटताना वरची पट्टी दुमडून नाव, शाळा आणि सेवेची वर्षं झाकावीत. हे न केल्यास ज्येष्ठांच्या टाचणावर कुणी बोलत नाही आणि नवशिक्याच्या टाचणावर सगळे बोलतात. एका प्रशिक्षणात मी तो एसटीचा तक्ता आणि एका मुरलेल्या सरांचं टाचण शेजारी ठेवून वाटलं, दोघांची परवानगी घेऊन, नावं झाकून. गटांनी कुठलं उचललं ते सांगायला नकोच. गंमत अशी की सरांनीही आपल्या गटात तक्त्याचीच बाजू घेतली, आणि मग त्यातली एक मोठी उणीव त्यांनीच काढली: तक्त्यात बारा गाड्या होत्या, वाचायला कच्च्या असलेल्या मुलांना बाराच्या बारा ओळी झेपणार नाहीत. त्यांच्यासाठी चार गाड्यांचा वेगळा तक्ता करा, प्रश्न तोच ठेवा, असं त्यांनी सुचवलं. छात्राध्यापिका मागच्या रांगेत बसून ते लिहून घेत होती. पुढच्या पाठाला तिने दोन तक्ते केले, आणि चार गाड्यांच्या तक्त्यावरून मामाला योग्य गाडीत बसवणाऱ्या मुलांच्या चिठ्ठ्यांचा तिसरा गठ्ठा करावा लागला.